दहा दिवसांचं बाळ आणि एकवीस वर्षांची डॉक्टर

आनंदीबाई जोशींचं नाव आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण त्यांना डॉक्टर व्हावंसं का वाटलं, ते आठवतंय?

तो फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. ८ मार्च आला की कॉलेजच्या ग्रुपवर हमखास फिरतो. तीन तरुणी, तिघींचे तीन पेहराव. एक जपानची, किमोनोमध्ये. एक सीरियाची, तिकडच्या पारंपरिक पोशाखात. आणि एक साडीतली, आपली. वर्ष १८८५, शहर अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. तिघीही मेडिकलच्या विद्यार्थिनी. केई ओकामी, साबात इस्लामबुली आणि आनंदी जोशी.

आपण हार्ट टाकतो, स्टेटसला ठेवतो आणि पुढे जातो. पण त्या फोटोत एक जण नाही. एक बाळ. ते असतं, तर फोटो काढला त्या वेळी पाच-सहा वर्षांचं असतं. आणि खरं सांगायचं तर ते असतं, तर कदाचित हा फोटोच निघाला नसता.

आज तुम्हाला आनंदीची गोष्ट त्या बाळापासून सांगायची आहे. मुद्दाम ‘ती’ म्हणतोय. कारण गेली तेव्हा ती जेमतेम तुमच्याएवढी होती.

कल्याणची यमुना

जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. वडील गणपतराव जोशी, घर कल्याणचं. एकेकाळी घराण्याची बरी जमीनजुमल्याची स्थिती होती, पुढे ती उतरली. यमुना नऊ वर्षांची झाली आणि तिचं लग्न लागलं. नवरा गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला, वयाने तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठा, आणि बिजवर. लग्नानंतर यमुनाची आनंदी झाली.

गोपाळराव हे एक विचित्र रसायन होतं. बायकोने शिकलंच पाहिजे, हा त्यांचा ध्यास. त्या काळात लोक बायको अभ्यास करते म्हणून चिडायचे. हे महाशय ती अभ्यास करत नाही म्हणून चिडायचे. आणि नुसते चिडून थांबायचे नाहीत, कोवळ्या वयात तिने त्यांचा मारही खाल्ला. २०१९ चा सिनेमा पाहिला असेल तर हे थोडंफार माहीत असेल. म्हणजे या गोष्टीत कुणी धुतल्या तांदळाचा हिरो नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. पण शिकण्याची गोडी आनंदीला लागली, ती कायमची.

दहा दिवस

आनंदीच्या वयाच्या चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. चौदावं वर्ष म्हणजे आपली नववी. ज्या वयात आपण युनिट टेस्टचं टेन्शन घेत होतो, त्या वयात ती आई झाली होती.

बाळ दहा दिवस जगलं. त्याला हवी ती वैद्यकीय मदत मिळाली नाही आणि ते गेलं.

आता त्या काळची बाळंतिणीची खोली डोळ्यांसमोर आणा. घरातली सगळ्यात कोंदट, अंधारी खोली. वारा लागू नये म्हणून झरोके बंद. शेगडीचा धूर. सोबतीला सुईण आणि घरातल्या मोठ्या बायका. सुईणीचा हात अनुभवी असायचा, नाही असं नाही. पण बाळ दूध ओढेनासं झालं, त्याचा श्वास भरभर व्हायला लागला, अंग गार पडलं, तर करायचं काय? डॉक्टर म्हणजे पुरुष. परपुरुषाने बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकणं कुणाच्या कल्पनेतही नव्हतं. मग दृष्ट काढायची, अंगारा लावायचा, आणि वाट बघायची.

नवजात बाळ वाट बघत नाही. मोठ्या माणसाचा आजार दिवसांत वाढतो, तान्ह्या बाळाचा तासांत. सकाळी जरा मलूल वाटलेलं बाळ संध्याकाळपर्यंत हाताबाहेर जाऊ शकतं. आजही जगभरात जी बाळं पहिल्या महिन्यात जातात, त्यातली बहुतेक पहिल्याच आठवड्यात जातात. आनंदीचं बाळ नेमकं त्या सगळ्यात नाजूक दिवसांत होतं.

घराघरांत असं व्हायचं. लोक दैवाला दोष द्यायचे, चार दिवस रडायचे, पुढच्या बाळंतपणाच्या तयारीला लागायचे. आनंदीने वेगळा विचार केला. बाईला दाखवायला बाई डॉक्टर असती तर? आणि ती नाही, तर मीच का होऊ नये?

दाताच्या दवाखान्यातलं मासिक

बोलणं सोपं होतं. शिकायचं कुठे? गोपाळरावांच्या बदल्या चालूच होत्या. अलिबाग, कोल्हापूर, पुढे थेट कलकत्ता. प्रत्येक गावी बायकोला शिकवणारा हा पोस्टातला बाबू लोकांच्या चेष्टेचा विषय व्हायचा. दोघं रस्त्याने चालले तरी लोक बघत राहायचे.

१८८० मध्ये गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. बायकोला अमेरिकेत वैद्यकी शिकायची आहे, मदत होईल का? वाइल्डर यांचं उत्तर आलं, की धर्म बदलत असाल तर बघू. त्याला जोशी दांपत्याची तयारी नव्हती. विषय तिथेच संपायचा. पण वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला.

आता योगायोग बघा. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. नंबर यायला वेळ होता, म्हणून समोरचं मासिक चाळत बसल्या आणि त्यांनी ती पत्रं वाचली. आपण असतो तर पान उलटून पुढे गेलो असतो. त्यांनी आनंदीला पत्र लिहिलं. पुढे एवढी पत्रं झाली, की न पाहिलेल्या या बाईला आनंदी मावशी म्हणायला लागली.

आनंदीची तब्येत मात्र याच काळात ढासळत होती. सततची डोकेदुखी, मधूनच ताप, अशक्तपणा, धाप लागणं. कार्पेंटर मावशींनी अमेरिकेहून औषधं पाठवली. सात समुद्र ओलांडून औषधाच्या बाटल्या आल्या, पण गुण काही आला नाही. येणार कसा? ना कुणी नाडी बघितलेली, ना छाती तपासलेली.

१८८३ मध्ये श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, तिथल्या कॉलेजच्या सभागृहात आनंदी भाषणाला उभी राहिली. मी अमेरिकेला का जाते आहे, हे तिने लोकांना समजावून सांगितलं. या देशात बाई डॉक्टरची किती गरज आहे, बायका संकोचापायी कशा उपचाराविना राहतात, ते सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असंही स्पष्ट केलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून बोटीत बसली. नवरा सोबत नाही, नात्याचं कुणी नाही. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली, तेव्हा बंदरावर न्यायला मावशी आल्या होत्या.

फिलाडेल्फियाची थंडी

विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. डीन होत्या रेचल बॉडली. त्यांनी तिला प्रवेश दिला, आर्थिक आधारही मिळवून दिला. पण फिलाडेल्फियाची थंडी, साडीतलं अंग, शाकाहारी जेवणाची पंचाईत आणि अभ्यासाचा डोंगर. आधीच नाजूक असलेली तब्येत आणखी खालावली. तिला क्षयाने गाठलं.

तेव्हाचं वैद्यकशास्त्र कुठे होतं, हेही समजून घ्या. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये जगाला दाखवला होता. म्हणजे आनंदी कॉलेजात गेली त्याच्या अवघ्या एक वर्ष आधी. जंतू सापडला होता, औषध नव्हतं. ते यायला १९४० चं दशक उजाडलं. लहान मुलांचं सांगायचं तर देवीची लस तेवढी होती. घटसर्प, डांग्या खोकला, गोवर या रोगांवर लस नव्हती. आज दीड महिन्याच्या बाळाला मांडीत टोचलेली सुई बघून आपलं काळीज हलतं, पण त्या सुईची वाट बघत तेव्हाच्या कित्येक पिढ्या संपल्या.

आनंदीने प्रबंधासाठी विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचा, प्राचीन हिंदूंमधल्या प्रसूतिविद्येचा. त्यासाठी तिने आयुर्वेदाचे ग्रंथही वापरले आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकंही. विषयांचा काय तोटा होता? पण बाळंतिणीच्या त्याच खोलीकडे ती परत गेली. या वेळी अभ्यासक म्हणून.

११ मार्च १८८६ ला तिला एम. डी. पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाईही आल्या होत्या. राणी व्हिक्टोरियाकडून अभिनंदन आलं. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या. एकाच वर्षी देशाला दोन बाई डॉक्टर मिळाल्या.

न चढलेली पायरी

कोल्हापूर संस्थानाने तिची नेमणूकही केली. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या वॉर्डची प्रमुख डॉक्टर. कोल्हापूरच्या मुलामुलींनो, हे म्हणजे तुमचं सीपीआर. आता विचार करा, आनंदीच्या आयुष्याची गाडी अगदी रुळावर आली होती. ज्या बायका पुरुष डॉक्टरसमोर तोंड उघडत नव्हत्या, त्यांच्यासाठी आता वॉर्ड होता आणि त्यांची डॉक्टर बोटीतून निघाली होती.

१८८६ च्या अखेरीस ती मुंबईला उतरली, ती आजारी होऊनच. काम हाती घ्यावं एवढी ताकद अंगात राहिली नव्हती. उपचार झाले, पण क्षय पुढे गेला होता. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता.

तिच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावच्या दफनभूमीत, त्यांच्या घराण्याच्या जागेत, त्या आजही आहेत. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही तिचं नाव आहे.

पण विवर राहू द्या. तिला जे हवं होतं ते इथेच, जमिनीवर हवं होतं. बाळ आजारी पडलं की आईच्या हाताशी जाणतं माणूस हवं. एवढंच.

ते बाळ आज जन्मलं असतं तर?

तिच्या पदवीला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, १९८६ मध्ये, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथल्या खेड्यांत बाळं घरीच जन्मायची आणि आजारी पडली की घरीच जायची. दवाखाना दूर. मग त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाचं वजन कसं करायचं, श्वास कसे मोजायचे, बाळाला ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि त्यावर काय करायचं. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे, २०११ मध्ये, देशभरच्या आशाताईंच्या कामात ते आलं.

बाळ दवाखान्यात जन्मलं असेल, तर आशाताई घरी कधी येते? तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, मग चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरीच जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीही. आता मोजा. आनंदीच्या बाळाच्या त्या दहा दिवसांत तिच्या दारावर निदान दोनदा थाप पडली असती. कुणीतरी बाळाला उघडं करून बघितलं असतं, श्वास मोजले असते आणि सांगितलं असतं, चला, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात.

आणि आपण काय करतो?

तुम्ही म्हणाल, आम्ही एफवाय-एसवायवाले, आमचा काय संबंध? संबंध आहे. तुमच्या घरात ताईचं, वहिनीचं, शेजारच्या काकूंचं बाळ असतं. रात्री दोन वाजता ते रडायला लागतं आणि फोन हातात धरून जागं कोण असतं? तुम्ही! मग फॅमिली ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडतो. घुटी द्या. मध चाटवा. मागच्या वेळचं औषध उरलंय ना, तेच द्या. सकाळी बघू.

आनंदीच्या दाराबाहेर डॉक्टर नव्हता. आपल्या दाराबाहेर असतो, पण आपण ‘सकाळी बघू’ म्हणतो. म्हणून हे एवढं डोक्यात पक्कं करून ठेवा.

तान्हं बाळ, म्हणजे दोन महिन्यांच्या आतलं. ते अंगावर पिईनासं झालं, नेहमीसारखं रडत-हलत नसलं, झटका आला, श्वास घेताना छाती आत ओढली जात असली, तर वाट बघू नका. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. साठ किंवा जास्त भरले तर निघा. अंग गरम लागलं तरी आणि गार पडलं तरी निघा. तळहात-तळपाय पिवळे दिसले, नाळेभोवती लाली किंवा पू दिसला, तरी निघा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप म्हणजे डॉक्टर, घरचं औषध नाही.

थोडं मोठं मूल असेल तर सर्दी, खोकला, ताप हे चालायचंच. प्रत्येक शिंकेला दवाखाना गाठायची गरज नसते. मूल पितंय, मधूनमधून खेळतंय, शू होतेय, तर घरी लक्ष ठेवायला हरकत नाही. पण खोकल्याबरोबर श्वास जोरात असेल तर मोजा. एक वर्षाच्या आत पन्नास, एक ते पाच वर्षांत चाळीस, ही हद्द. तिथे पोहोचलं की न्यूमोनियाची शंका घ्यायची आणि दाखवायचं. ताप तीन दिवस उतरला नाही, तर दाखवायचं. मान ताठ झाली, अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके आले, मूल गुंगीत गेलं किंवा उठवूनही नीट जागं होईना, तर तिसऱ्या दिवसाचीही वाट बघायची नाही.

जुलाब लागले तर पहिल्या तासापासून ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. आईचं दूध बंद करायचं नाही. डोळे खोल गेले, सहा-आठ तास शू नाही, शौचात रक्त दिसलं, पाणी पोटात ठरेना, तर दवाखाना.

तापात झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. आणि एक वर्षाच्या आत मध नाही, बोटभरसुद्धा नाही.

दृष्ट काढायची आजीला हौस असेल तर काढू दे. पण रिक्षा बोलावून ठेवा आणि मग काढा. रिक्षा नाही मिळाली, तर १०८ आहे. बाळंतीण आणि नवजात बाळासाठी १०२ आहे.

आनंदीला वैद्यकीच्या पदवीपर्यंत पोहोचायला एक समुद्रप्रवास, तीन वर्षं आणि स्वतःची तब्येत मोजावी लागली. आपल्याला फक्त श्वास मोजायचे आहेत. तेवढं शिकायला एक मिनिट लागतं.

तर पुढच्या ८ मार्चला तो फोटो आला, की फॉरवर्ड जरूर करा. पण त्याआधी एक काम करा. घरात, चाळीत, सोसायटीत, गावाकडे कुणाकडे बाळ आलंय? त्या भागातल्या आशाताईंचा नंबर मिळवा आणि त्या बाळाच्या आईच्या फोनमध्ये तुमच्या हाताने सेव्ह करून द्या.